मडक्यातला साक्षीदार



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर रसायनशास्त्र शिकवले. म्हणून आज मी रसायनाच्याच दाराने आत शिरणार आहे. विषय वाईनचा आहे. वाईन आली कुठून, आणि पिणाऱ्याच्या शरीराचे ती काय करते? पहिला प्रश्न पुरातत्त्वाचा, दुसरा वैद्यकाचा. एरवी ते वेगवेगळ्या सभागृहांत विचारले जातात. मला ते एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसाने जी शिस्त पाळली, ती दुसऱ्याच्या बाबतीत त्याने फार काळ पाळली नाही, असे माझे मत आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले, यकृताचे रुग्ण पाहिले. त्यामुळे हे मत मी तटस्थपणे मांडू शकेन असा दावा करत नाही. पुरावा मात्र तुमच्यासमोर ठेवतो, पारख तुम्ही करा.

सुरुवात एका आम्लापासून. टार्टारिक आम्ल. नाव परके वाटेल, पण चव आपल्या ओळखीची आहे. आमटीत चिंचेचा कोळ पडला की जिभेला जो आंबटपणा लागतो, तो मुख्यतः याच आम्लाचा. लिंबात सायट्रिक आम्ल असते, सफरचंदात मॅलिक. टार्टारिक आम्ल भरपूर साठवणारी फळे मात्र जगात मोजकीच. चिंच हे एक, आणि द्राक्ष हे दुसरे. पश्चिम आशियात चिंच नव्हती. म्हणजे तिथल्या एखाद्या प्राचीन मडक्यात हे आम्ल सापडले, तर ते द्राक्षातूनच आले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि ते मडक्यात टिकते, हे महत्त्वाचे. दारू उडून जाते, साखर जंतू खातात, रंग विटतो. पण हे आम्ल कॅल्शियमशी बांधले जाऊन सहजी न विरघळणारा क्षार बनते आणि भाजलेल्या मातीच्या छिद्रांत हजारो वर्षे बसून राहते. (आपल्या देशात हीच कसोटी लावताना जपून राहावे लागेल. इथे मडक्यात टार्टारिक आम्ल सापडले तर ती वाईन होती की चिंचेचे सार, हे नुसत्या आम्लावरून कसे ठरवणार?)

या साक्षीदाराला बोलते केले पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संग्रहालयातले पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. इराणच्या झॅग्रोस डोंगराळ भागात हाजी फिरुझ तेपे नावाचे नवाश्मयुगीन खेडे आहे. १९६८ साली तिथे उत्खनन झाले. एका घराच्या स्वयंपाकघरात भिंतीलगत जमिनीत पुरलेली सहा भांडी मिळाली, प्रत्येकी साधारण नऊ लिटरची. त्यांतल्या काही खापरांवर पिवळट थर होता. पुढे १९९० च्या दशकात त्याची रासायनिक तपासणी झाली. टार्टारिक आम्लाचा क्षार सापडला, आणि त्याच्यासोबत एका झाडाची राळ. राळ का? द्राक्षाचा रस उघड्यावर राहिला की आधी वाईन होते, मग व्हिनेगर. राळेने ती दुसरी पायरी लांबते. म्हणजे इसवी सनापूर्वी ५४०० ते ५००० च्या दरम्यान त्या घरातल्या कुणाला तरी वाईन बनवणे माहीत होतेच, शिवाय ती टिकवायची कशी हेही माहीत होते.

मग २०१७ साली ही सीमा आणखी मागे गेली. जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी. तिच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही दोन ठिकाणे आहेत. तिथल्या खापरांत इसवी सनापूर्वी ६००० ते ५८०० या काळातल्या द्राक्षवाईनच्या खुणा मिळाल्या. आठ हजार वर्षे! पण मला आकड्याहून अधिक मोह पडतो तो तपासणीच्या रीतीचा. या मंडळींनी नुसती खापरे तपासली नाहीत. खापरांभोवतीची मातीही तपासली. का? न जाणो, ते आम्ल बाहेरच्या मातीतूनच खापरात झिरपले असेल तर? मातीत किती आणि खापरात किती, याची तुलना केली. द्राक्षवेलीचे परागकण शोधले. म्हणजे आपल्याला हवे असलेले उत्तर खोटे ठरवणाऱ्या वाटा त्यांनी आपणहून धुंडाळल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मला तिच्याकडे परत यायचे आहे.

अर्थात मडके हा माणसाचा भाग झाला. वाईन त्याच्याही आधीची आहे, कारण ती बनवणारा मुळात यीस्ट. पिकलेल्या द्राक्षाची साल फुटली आणि योग्य यीस्ट आत शिरले की साखरेची दारू होऊ लागते. हे यीस्ट हिवाळाभर कुठे राहते? २०१२ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवले की गांधीलमाश्यांच्या आतड्यात. राणीमाशी ते पोटात घेऊन हिवाळा काढते, वसंतात ते आपल्या अळ्यांपर्यंत पोहोचवते, आणि पुढे माश्या ते द्राक्षांपर्यंत नेतात. आणि पिणारा? माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचा जो समान पूर्वज सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला, त्याच्या शरीरातल्या एका विकरात बदल झाला आणि दारू पचवण्याची त्या विकराची क्षमता सुमारे चाळीस पटींनी वाढली. तो पूर्वज जमिनीवर पडलेली, आंबू लागलेली फळे खाऊ लागला असावा, असा अंदाज आहे. दारूशी आपल्या शरीराची तोंडओळख शेतीहून कितीतरी जुनी आहे.

तोंडओळख म्हणजे मैत्री नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पिकलेल्या फळात दारू एखाद-दोन टक्के. वाईनमध्ये बारा-तेरा. हे अंतर निसर्गाने कापलेले नाही. ते मडक्याने आणि झाकणाने कापले.

द्राक्षवेलीलाही माणसाने बदलले. रानवेलींमध्ये नर वेली वेगळ्या, मादी वेली वेगळ्या. कधीतरी माणसाला अशी वेल मिळाली जिच्या एकाच फुलात दोन्ही होते, जिच्यापासून वाढवलेली प्रत्येक वेल फळ देत होती. त्याने तिचीच छाटकलमे लावली. २०२३ साली हजारो वाणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निष्कर्ष असा आहे की द्राक्ष सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात आणि कॉकेशसमध्ये, अशा दोन ठिकाणी माणसाळले. म्हणजे पहिल्या ज्ञात वाईनच्या मडक्याहून वेलीची मशागत तीन हजार वर्षे जुनी. आर्मेनियात अरेनी नावाच्या गुहेत तर वाईनचा अख्खा कारखाना सापडला. द्राक्षे पायांनी तुडवण्याचा ओटा, रस जमा होण्याचा खड्डा, साठवणीची भांडी, बिया, साली, सगळे जागच्या जागी. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४१००.

जॉर्जियाकडे थोडे थांबू या, कारण तिथे ही परंपरा अजून जिवंत आहे. तिथे वाईनसाठी क्वेव्री नावाचे मातीचे मोठे रांजण वापरतात. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात देतात आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. त्यात रस, साली, बिया, कधी देठांसकट सगळे घालतात, तोंड बंद करतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. जमीन रांजणाला थंड ठेवते. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या देशात द्राक्षाचे पाचशेहून अधिक देशी वाण आहेत. आपल्याकडे भाताच्या देशी वाणांसाठी जीव टाकणारी माणसे आहेत, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि याच भूमीवर असा एक प्रसंग घडला, ज्यात आजचे दोन्ही प्रश्न समोरासमोर आले. मे १९८५. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. विक्रीच्या वेळा कमी केल्या, किमती वाढवल्या, उत्पादन घटवले. जॉर्जियात, मोल्दोव्हात, क्रिमियात द्राक्षमळे उपटले गेले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वेली मुळासकट गेल्या. त्या वारशावर प्रेम करणाऱ्या माणसाला हे वाचवत नाही. पण त्याच वर्षांत रशियात काय झाले? १९८४ साली रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६२ वर्षे होते. १९८७ साली ते ६५ च्या आसपास गेले. तीन वर्षांत तीन वर्षे आयुष्य! मोहीम ढेपाळली, आणि हा फायदा पुढच्या काही वर्षांत वाहून गेला. रशियातला जिवावर बेतेपर्यंत पिणारा मद्यपी वोडका पीत होता, जॉर्जियातल्या काखेतीतला शेतकरी क्वेव्रीतली वाईन. दोघांना एकच शिक्षा झाली, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्यही आहे. तरी ते आकडे मला पुसता येत नाहीत, आणि उपटलेल्या वेलीही विसरता येत नाहीत. हा विषय ज्याला सोपा वाटतो त्याने ही दोन्ही पाने एकत्र वाचावीत.

आता आपल्या दिशेने येऊ. द्राक्षाची वाईन भारताला अपरिचित नव्हती. आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेला कापिशी नावाचे नगर होते. तिथल्या द्राक्षमद्याची दखल पाणिनीच्या व्याकरणात आहे आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही. अर्थशास्त्रात तर मद्याच्या व्यवहारावर देखरेख करणारा स्वतंत्र सुराध्यक्ष आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात इटलीहून, सिरियाच्या किनाऱ्यावरून आणि अरबस्तानातून वाईन उतरत असल्याची नोंद आहे. इटलीच्या वाईनला विशेष मागणी होती. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर इथून भडोचला जाणाऱ्या मालाच्या गाड्यांचाही उल्लेख आहे. परतीच्या वाटेने काय येत असेल? नेवाशाच्या उत्खननात रोमन अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या निमुळत्या रांजणांचे, तुकडे निघाले आहेत. प्रवरेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचे रांजण पोहोचले होते.

इथपर्यंतची कथा खापराने सांगितली. आता शरीराच्या कथेकडे वळतो.

जुन्या वैद्यांनी वाईनला औषध का म्हटले? ते भोळे नव्हते. त्यांच्या काळात त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर होते. ऊर्ध्वपातनाची कला पसरण्याआधी वनस्पतीतला औषधी अंश ओढून घेणारा वाईनइतका चांगला द्राव वैद्याजवळ क्वचितच असे. इजिप्तमध्ये अबायडोस इथे इसवी सनापूर्वी ३१५० च्या सुमाराच्या एका राजाच्या थडग्यात वाईनचे सुमारे सातशे रांजण मिळाले, आणि त्या वाईनमध्ये वनौषधी मुरवल्याच्या खुणा आहेत. आपली आसवे आणि अरिष्टे याच विचारातून आली. द्राक्षासव घ्या. धायटीची फुले घालून ते आंबवतात, आणि आपोआप तयार झालेली दारूच त्यातली औषधे धरून ठेवते. ग्रीक-रोमन वैद्य गॅलन पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांच्या जखमांवर वाईन वापरी. पाणी दूषित असेल तिथे त्यात वाईन मिसळल्याने जंतू मरत. १८९२ साली व्हिएन्नात अलॉइस पिक यांनी कॉलरा आणि विषमज्वराच्या जंतूंवर हे प्रयोगाने दाखवले. स्वच्छ नळाचे पाणी नसलेल्या शहरात वाईन पिणारा माणूस काही बाबतीत खरोखर सुरक्षित असे.

आणि चरकाने मद्यावर फक्त स्तुती लिहून ठेवलेली नाही. चिकित्सास्थानात मदात्यय, म्हणजे मद्याने होणाऱ्या रोगावर, एक अख्खा अध्याय आहे. गुण सांगताना त्याने अटी घातल्या, आणि अटी मोडल्यावर शरीराचे काय होते तेही पायरीपायरीने लिहिले. पुढच्या काळात आपण गुण उचलले आणि अटी तिथेच ठेवल्या.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्यात वैद्यकीय विचाराचा एक सुंदर नमुना आहे. रोमन लोक द्राक्षरस शिशाच्या भांड्यांत आटवून गोड पाक करत आणि तो वाईनमध्ये घालत. शिसे गोडी देई, आणि विषही. ही सवय युरोपात शतकानुशतके टिकली. १६९० च्या दशकात जर्मनीतल्या उल्म शहरात भयंकर पोटशुळाची साथ आली. नगरवैद्य एबरहार्ड गॉकेल यांना मठांत एक गोष्ट दिसली: जे साधू वाईन पीत नव्हते, ते आजारी पडत नव्हते. त्यांनी माग काढला. आंबट वाईन गोड करायला व्यापारी तिच्यात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे भस्म, घालत होते. १६९६ साली व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने कडक कायदा करून ही भेसळ बंद केली. पिणारे आणि न पिणारे यांची तुलना करून गॉकेल सत्यापर्यंत पोहोचले. हीच तुलना पुढे तीनशे वर्षांनी शास्त्रज्ञांना चकवणार होती.

ते कसे झाले ते पाहू. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर आले. १८४८ साली तरुण पाश्चर यांनी याच टार्टारिक आम्लाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे केले आणि दाखवले की काही स्फटिक एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे आहेत. रेणूंना डावे-उजवेपण असते हे माणसाला वाईनच्या पिंपात जमणाऱ्या थरातून कळले. पुढे १८६६ साली वाईनच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ आला. वाईन हे सर्वांत आरोग्यदायी पेय आहे असे मत त्यांनी दिले. ज्या शतकात पाण्यातून मरण येत होते, त्या शतकातले ते मत. पण पाश्चर यांच्या नावाचे वजन एवढे की ते मत त्या पाण्याच्या संदर्भातून सुटून एकटेच फिरू लागले. फ्रान्समध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणात दारू देण्यावर बंदी यायला १९५६ साल उजाडावे लागले.

मग आले १९९१. त्या वर्षाच्या जानेवारीत फ्रान्सने दारूच्या जाहिरातींवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी दूरचित्रवाणीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात सर्ज रेनो हे फ्रेंच संशोधक झळकले. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी. हे कोडे त्यांनी मांडले आणि वाईनकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. अमेरिकेत तांबड्या वाईनची विक्री एकाएकी वाढली. रेनो लिओं शहरात काम करत. त्याच लिओंमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आणि तिने १९८८ सालीच दारूयुक्त पेये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली होती. एकाच शहरातून दोन बातम्या निघाल्या. जगाने कोणती ऐकली?

मग 'वाईनमधला तो गुणकारी पदार्थ कोणता' याचा शोध सुरू झाला. द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल हे नाव पुढे आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लठ्ठ उंदरांना ते दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली, ते अधिक जगले. खरे आहे. पण मात्रा किती होती? उंदराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम. साध्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला तेराशे मिलिग्रॅम. एक लिटर तांबड्या वाईनमध्ये हा पदार्थ मोजून काही मिलिग्रॅम असतो. लिटरमागे पाच धरले तरी रोज अडीचशे लिटरहून जास्त वाईन लागेल. २००८ साली एका बड्या औषध कंपनीने या संशोधनावर उभी असलेली कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि दोन वर्षांत त्या औषधाची वाट सोडली. २०१२ साली कनेक्टिकट विद्यापीठाच्या चौकशीत या क्षेत्रातल्या एका नामवंत प्रयोगशाळेत आकडे आणि चित्रे बनावट असल्याची १४५ उदाहरणे निघाली. २०१४ साली इटलीच्या कियांती परगण्यातल्या, म्हणजे वाईनच्या माहेरघरातल्या, ७८३ वृद्धांचा अभ्यास आला. लघवीतल्या रेस्व्हेराट्रॉलच्या अंशांचा आणि आयुष्याचा काही संबंध दिसला नाही.

बरे, तो पदार्थ बाजूला ठेवू. थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असे अभ्यासांत दिसत होते ना? हो, दिसत होते. अमेरिकेतल्या रेमंड पर्ल यांनी १९२६ सालीच तसे मांडले होते. पण न पिणारे म्हणजे कोण? इथे गॉकेल यांची तुलना फसते. त्यांचे साधू व्रत म्हणून पीत नव्हते. विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये न पिणाऱ्यांत असे बरेच जण होते ज्यांनी आजार जडल्यावर पिणे सोडले होते. जेराल्ड शेपर यांनी १९८८ साली ब्रिटिश पुरुषांच्या मोठ्या अभ्यासातून हे दाखवले. आजारी माणसे 'न पिणाऱ्यां'च्या रांगेत उभी केली की थोडी पिणारे आपोआप निरोगी दिसणारच! शिवाय रोज रात्री जेवणाबरोबर एक पेला घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला असतो. त्याला जेवायला वेळ असतो, सोबत असते, डॉक्टर असतो. २०२३ साली १०७ अभ्यास एकत्र करून, अशा त्रुटी काढून, ४८ लाख लोकांची माहिती पुन्हा तपासली गेली. थोडे पिण्याचा आयुष्याला ठोस फायदा उरला नाही.

मातीही तपासण्याची जी शिस्त मघाशी सांगितली, तशी शिस्त माणसांच्या बाबतीत पाळणे शक्य आहे का? आहे. २०१९ साली चीनमधून तसा पुरावा आला, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा पुरावा वाटतो. शरीरात दारूचे आधी अॅसिटाल्डिहाइड होते, मग त्याचे निरुपद्रवी आम्ल. पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये दुसऱ्या पायरीचा जीन दुबळा असतो. दारू घेतली की अॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, मळमळते. अशी माणसे साहजिकच कमी पितात. हा जीन गरिबी-श्रीमंती, आजारपण, शिक्षण पाहून मिळत नाही. तो जन्माने मिळतो. म्हणून त्याच्यावरून लोकांचे गट पाडले की आजारी माणूस चुकून न पिणाऱ्यांच्या रांगेत जाण्याचा धोका टळतो. अशा गटांत काय दिसले? पुरुषांमध्ये दारू वाढत गेली तसा पक्षाघाताचा धोका सरळ वाढत गेला. थोड्या दारूने तो खाली आला, असे कुठेच दिसले नाही. आणि स्त्रिया? चीनमध्ये स्त्रिया फारशा पीत नाहीत. त्यांच्यात तेच जीन होते, पण पक्षाघाताशी त्यांचा संबंध दिसला नाही. म्हणजे दोष जीनचा नव्हता, दारूचा होता.

पूर्ण चित्र द्यायचे तर दुसरी बाजूही सांगतो. २०२४ च्या डिसेंबरात स्पेनमधल्या सुमारे साडेबाराशे वयस्क लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक वाईन किती पितात ते त्यांना विचारण्यावर तो अवलंबून नव्हता. त्यांच्या लघवीतले टार्टारिक आम्ल मोजले होते! ज्या रेणूने आठ हजार वर्षांपूर्वीची मडकी ओळखली, त्यालाच इथे साक्षीला बोलावले. महिन्याला साधारण बारा ते पस्तीस पेले घेणाऱ्यांत हृदयरोग कमी दिसला. शास्त्रज्ञांनी हे दडवू नये, आणि मीही दडवत नाही. पण तो साक्षीदार एवढेच सांगतो की या माणसाने वाईन घेतली. ती घेणारा माणूस आणखी कोणत्या बाबतींत वेगळा होता, ते तो सांगू शकत नाही. आणि तो अभ्यास हृदयापुरता होता.

हृदयावर वाद राहील. कर्करोगावर वाद उरलेला नाही. अॅसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला इजा करते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, या सात जागी दारूने कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाच्या बाबतीत तर थोड्या दारूनेही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की दारूची पूर्ण निर्धोक अशी मात्रा नाही. आणि तिच्या हिशेबात वाईन, बियर, व्हिस्की असा भेद नाही.

हा भेद आपल्याकडे मात्र मोठ्या हौसेने केला गेला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच, असे ऐकवले गेले. हिशेब करू या. तेरा टक्क्यांची दीडशे मिलिलिटर वाईन, म्हणजे एक पेला. त्यात शुद्ध दारू सुमारे पंधरा ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे दहा. म्हणजे वाईनचा एक पेला सुमारे दीड पेग. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. तो निर्णय विरोधामुळे अमलात आला नाही. पण युक्तिवाद अजून हवेत आहे.

आणि त्यात शेतकऱ्याचे नाव घेतले जाते, म्हणून त्याच्याबद्दल बोललेच पाहिजे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. नाशिक परिसरात त्यातून खरोखर काही उभे राहिले: कारखाने, रोजगार, करारावर लावलेल्या बागा, पर्यटन. त्या कष्टांचा मला आदर आहे. पण राज्यातल्या द्राक्षाचा अगदी छोटा वाटा वाईनला जातो. बाकी सारा बाजारात, निर्यातीत आणि तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्यात. अवकाळी पावसाने मणी तडकलेल्या बागायतदाराला दर हवा, विमा हवा, शीतगृह हवे. त्याच्या अडचणीवर कर्करोगाच्या पहिल्या गटातल्या पेयाची विक्री वाढवणे हा उपाय कसा होईल? आणि गडचिरोलीत १९९३ साली ज्यांनी दारूबंदी लढून मिळवली, त्या बायांना आपण काय सांगणार? की वाईन वेगळी असते?

मी बंदी मागायला आलेलो नाही. ज्याला जेवणाबरोबर एक पेला आवडतो, त्याने समजूनउमजून घ्यावा. आवड म्हणून घ्यावा. जॉर्जियन घरात पाहुण्यासमोर क्वेव्रीतली वाईन येते, तेव्हा ती आठ हजार वर्षांच्या हातांतून आलेली असते, आणि तिचा मान तेवढ्यावर टिकतो. तिला औषधाचा दाखला कशाला हवा?

आपल्या राज्यात मात्र तो दाखला सरकारी कागदावर आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवतही नसेल. तो कशासाठी दिला जातो? अर्जदाराचे आरोग्य राखण्यासाठी. कायद्याच्या चौकटीत वाट काढायला ते शब्द तेव्हा घातले असतील. आज ते शास्त्राच्या उघड विरोधात आहेत. आयर्लंडने २०२३ साली बाटलीवर यकृताचा आणि कर्करोगाचा इशारा छापण्याचा नियम केला. त्याची अंमलबजावणी त्यांनी २०२८ पर्यंत पुढे ढकलली आहे, पण नियम झाला. आपल्याकडे आज बाटलीवर आरोग्याला घातक असा इशारा आणि परवान्यावर आरोग्य राखण्याचे कारण, दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतात. या सभागृहात वकील आहेत, माजी अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. परवान्यावरचे कारण बदलण्यासाठी शासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी सोबत आणला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे.